लढाईनंतरची कचेरी

लढाई संपली की शिपाई छावणीकडे परततो आणि सेनापती कचेरीकडे. मृतांच्या याद्या करायच्या असतात, जखमींची रवानगी करायची असते, शरण आलेल्यांशी बोलणी करायची असतात. कैद्यांचा बंदोबस्त, फौजेचा थकलेला पगार, लुटीची वाटणी, हरवलेल्या हत्यारांचा जमाखर्च, शौर्यपदकांच्या शिफारशी आणि वरिष्ठांना द्यायचे खुलासे ही कामेही त्याच टेबलावर येतात. शिवाय भेटीगाठी, दरबार, मेजवान्या, सत्कार आणि सांत्वनाच्या भेटी असतातच. लष्करी इतिहासाच्या जाड ग्रंथांत लढाईला पन्नास पाने मिळतात, या कामाला दोन ओळी. प्रत्यक्षात लढाई एका दिवसात आटोपते आणि तिच्यामागचे काम दहा-दहा वर्षे चालते. हरलेल्या प्रदेशाचे पुढे काय होणार आणि मेलेल्या शिपायाच्या घरात चूल पेटणार की नाही, हे या कामावर ठरते.

हे काम जवळून पाहायला नागपूरसारखे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे भवितव्य दोनदा लढाईनंतरच्या कागदांनी ठरले. सीताबर्डीचा किल्ला आणि कामठीची छावणी ही दोन्ही ठाणी युद्धानंतरच्या बंदोबस्तातूनच उभी राहिली. कामठीत आजही पलटणींचे दप्तर आहे आणि जुन्या युद्धांतील शिपायांच्या कुटुंबांची पत्रे तिथे अजून येतात.

पहिला प्रसंग १८०३ चा आहे. त्या वर्षी २३ सप्टेंबरला असईला आणि २९ नोव्हेंबरला अडगावला मेजर जनरल आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. अवघ्या दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, अचलपूर भागातील देवगावच्या तळावर दुसऱ्या रघूजी भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र आणि वेलस्ली यांनी तहावर सह्या केल्या. कटक आणि बालासोर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला, आणि नुकताच लढून घेतलेला गाविलगड व नरनाळा मात्र भोसल्यांकडे राहिले. किल्ला पडल्यावर बंदुकीच्या दारूचा वास विरायच्या आत एवढा मोठा प्रदेश कागदावर हलला. आदल्या दिवसापर्यंत तोफांच्या जागा ठरवणारा माणूस दुसऱ्या दिवशी कोणते कलम कोणत्या शब्दांत लिहायचे हे ठरवत होता. त्याच्या दिमतीला चोवीस वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन दुभाषा म्हणून होता. तोच पुढे नागपूर दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून आला आणि १८०८ पर्यंत राहिला. देवगावनंतर दोन आठवड्यांच्या आत, ३० डिसेंबरला, शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला.

यानंतर सत्कारांचे पर्व आले. १८०४ च्या उन्हाळ्यात वेलस्ली मुंबईत होता. तिथल्या गोऱ्या रहिवाशांनी त्याला मानपत्र दिले, मेजवान्या झाल्या. कलकत्त्याच्या रहिवाशांनी किमती तलवार दिली, त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनीही वर्गणी काढून भेट दिली. असे समारंभ शोभेचे वाटले तरी सेनापतीच्या दृष्टीने ते कामाचेच असत. युद्धाचा खर्च व्यापाऱ्यांच्या कर्जातून भागवला जाई, आणि तो पैसा वाया गेला नाही हे ज्यांनी तो दिला त्यांना समोरासमोर पटवून द्यावे लागे.

दुसरा प्रसंग नागपूर शहराच्या पोटातला. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई जुंपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. तेव्हा गादीवर असलेल्या अप्पासाहेब भोसल्यांची फौज संख्येने कितीतरी पट मोठी होती, तरी टेकडी कंपनीच्या हातीच राहिली. कंपनीकडील मृत आणि जखमी साडेतीनशेच्या वर गेले. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सचा मदतनीस जॉर्ज सोथबीही त्यात मारला गेला. डिसेंबरात जालन्याहून जनरल डव्हटन फौज घेऊन पोहोचला. १६ तारखेला सक्करदऱ्याकडे पुन्हा लढाई झाली आणि अप्पासाहेबांचा तोफखाना व फौज विस्कटली.

तेव्हाही शहर हाती आले नव्हते. भोसल्यांच्या चाकरीतील अरब शिपाई वाड्याच्या भागात ठाण मांडून बसले होते. त्यांची मागणी थकलेल्या पगाराची आणि सुखरूप बाहेर जाण्याची होती. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावर केलेला हल्ला फसला आणि माणसे गेली. शेवटी ३० डिसेंबरला बोलणी करूनच तोडगा निघाला, आणि अरब आपला कबिला व सामान घेऊन शहराबाहेर पडले. हल्ल्याने जे साधले नाही ते वाटाघाटीने साधले. हीच वाटाघाट आठवडाभर आधी झाली असती, तर जुम्मा दरवाज्यापाशी पडलेली माणसे वाचली असती. डव्हटनच्या कारकिर्दीतला हा डाग आहे, आणि तो लढाई जिंकल्यानंतरचा आहे.

१८१८ च्या मार्चमध्ये अप्पासाहेबांना अटक झाली. मे महिन्यात त्यांना उत्तरेकडे नेत असताना ते पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गेले. त्याच महिन्यात कर्नल ॲडम्सने चांद्याचा किल्ला घेतला. २६ जून १८१८ रोजी दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा याला तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवण्यात आले. राजा अल्पवयीन, राणी बाकाबाई घरातली कर्ती, आणि कारभार जेंकिन्सच्या हाती. जेंकिन्स स्वतः मुलकी अधिकारी होता. पण त्याने राज्याचे जिल्हे पाडून प्रत्येकावर जे सुपरिंटेंडेंट नेमले, ते बहुतेक काल-परवापर्यंत पलटणी चालवणारे लष्करी अधिकारी होते.

यातले सर्वांत चांगले उदाहरण कर्नल पॅट्रिक वान्स ॲग्न्यू यांचे. मद्रास फौजेतले हे अधिकारी १८१८ ते १८२५ अशी सात वर्षे छत्तीसगडचे सुपरिंटेंडेंट होते. छत्तीसगड तेव्हा भोसल्यांचा सुभा होता. त्यांनी सुभ्याचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. सत्तावीस परगणे मोडून आठ केले आणि प्रत्येक परगण्यावर कमाविसदार नेमला. १८२० मध्ये त्यांनी सुभ्याचा सविस्तर अहवाल लिहिला. त्यात गावे, शेतसारा, जमीनदार, रस्ते आणि लोकांच्या चालीरीती आहेत. रायपूर आज छत्तीसगड राज्याची राजधानी आहे, आणि त्याचे मूळ एका लष्करी अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या निर्णयात आहे.

अशा कचेरीत दिवसभर काय चाले, याची कल्पना कागदांवरून येते. सकाळी हरकाऱ्यांचे टपाल येई. पाटील-पांडे तक्रारी घेऊन ओसरीवर बसलेले असत. कुणाच्या गावावर पेंढाऱ्यांची धाड पडून गेली म्हणून सारा माफ करायचा, कुणाची इनाम सनद खरी की बनावट हे ठरवायचे, कुणा जुन्या शिलेदाराचा तनखा चालू ठेवायचा की बंद करायचा. कारकून मोडीतले बंद वाचून दाखवत, मुन्शी फारसीत मसुदा करी, आणि साहेब इंग्रजीत टिपण लिही. ज्याला काल घोडदळाची रांग कशी धरायची एवढेच ठाऊक होते, त्याला आता खरीप-रब्बीचा फरक, पाटलाचे मानपान आणि पोटखराब जमीन समजून घ्यावी लागे. जे समजून घेत त्यांचे जिल्हे शांत राहत. जे घेत नसत त्यांच्या जिल्ह्यात पुन्हा फौज पाठवावी लागे.

शिलेदारांचा प्रश्न सर्वांत अवघड होता आणि इतिहासकारांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. भोसल्यांच्या राज्यात हजारो घरांचा संसार घोड्याच्या पाठीवर चाले. फौज मोडली की त्या घरांची मिळकत एका रात्रीत बुडाली. नवी कवाइती फौज त्यातल्या थोड्यांनाच सामावू शकत होती. उरलेल्यांसाठी शेती होती, पण नांगर धरणे हे शिलेदाराच्या घरात कमीपणाचे मानले जाई. पराभूत पक्षाच्या सैनिकाला पोटापाण्याला लावणे हे जिंकणाऱ्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, हा विचार तेव्हा कुठे लिहिलेला नव्हता. तरीही ज्यांनी तो पाळला त्यांनी पुढची बंडे टाळली.

जेंकिन्सने या सगळ्या कामाचा निष्कर्ष आपल्या अहवालात मांडला. नागपूरच्या राजाच्या मुलखाविषयीचा तो अहवाल १८२७ मध्ये छापला गेला. भोसलेकालीन नागपूरची लोकसंख्या, व्यापार, कोष्ट्यांचे माग, करांचे प्रकार आणि न्यायपद्धती जाणून घ्यायची तर अभ्यासकाला अजूनही त्याच्याकडे वळावे लागते. १ डिसेंबर १८२६ च्या तहाने नागपूर आणि आसपासचा कारभार राजाकडे परत गेला. राखून ठेवलेले जिल्हे १८३० पर्यंत परत झाले. म्हणजे दोन दिवसांच्या लढाईची आवराआवर तेरा वर्षे चालली.

त्याच सुमारास माळव्यात सर जॉन माल्कम हेच काम करत होता. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज हरली. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, आणि ३ जूनला दुसरा बाजीराव वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर माल्कमच्या स्वाधीन झाला. माल्कमच्या कचेरीची ख्याती अशी की तिची चारी दारे उघडी असत आणि भिल्ल नाईकापासून जहागीरदारापर्यंत कुणीही थेट आत येई. याच माल्कमने पुढे मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर महाबळेश्वरी वस्ती उभारली.

भेटीगाठींचा भाग नागपुरात फार नाजूक होता. दरबारात कोण कुठे बसणार, कोण किती पावले पुढे येणार, कुणाला किती तोफांची सलामी, हे सगळे ठरलेले असे आणि प्रत्येक गोष्टीला अर्थ असे. नजर आणि खिलत यांची देवाणघेवाण होई, अत्तर-गुलाब, पानसुपारी झाली की भेट संपली असे समजायचे. मिळालेली वस्तू अधिकाऱ्याने स्वतःकडे ठेवायची नसे. ती तोशाखान्यात जमा होई, आणि परतीचा आहेर तोशाखान्यातूनच निघे. कोणत्या शालीचे किती रुपये, याची नोंद कारकून करत. दसऱ्याची स्वारी, राजघराण्यातली लग्ने, जन्म-मृत्यूच्या भेटी यांना न जाणे हा अपमान ठरे. ज्या घराची फौज आपण मोडली त्याच घरी सणाला जाऊन बसणे हे कोणत्याही माणसाला सोपे नसते. समोरच्या माणसांनाही ते सोपे नव्हते.

या व्यवहाराची लोकांच्या मनातली नोंद वेगळी आहे. तान्ह्या पोळ्याला नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते. काळी मारबत बाकाबाईंनी इंग्रजांशी केलेल्या संधानाच्या निषेधाची आहे, अशी शहरातली परंपरा सांगते. दरबारी कागदांत ज्या भेटी सलोख्याच्या म्हणून नोंदल्या गेल्या, त्या गल्लीबोळांनी फितुरी म्हणून लक्षात ठेवल्या. बाकाबाईंच्या बाजूनेही विचार करायला हवा. गादीवर लहान मूल, खजिना रिता, दाराशी परकी फौज, अशा वेळी घराणे टिकवायला त्यांच्यापुढे दुसरे मार्ग फारसे नव्हते.

१८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी बसली. सीताबर्डीच्या टेकडीवर लढाईनंतर किल्ला बांधला गेला. लढाईत पडलेल्यांच्या कबरी तिथेच आहेत. छावणी आली तशी बाजारपेठ आली, कंत्राटदार आले, मद्रासी पलटणींबरोबर तमिळ-तेलुगू कुटुंबे आली.   

लुटीच्या वाटणीची कथा तर स्वतंत्र ग्रंथाची आहे. पुणे, महिदपूर, नागपूर इथे हाती लागलेल्या संपत्तीवर हक्क कुणाचा, जनरल हिस्लॉपच्या दख्खन फौजेचा की गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या मोठ्या फौजेचा, हा वाद थेट लंडनला गेला. वाटपाच्या विश्वस्तांत ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. देवगावचा तह करणारा आर्थर वेलस्ली तो हाच. पुण्याच्या नारो गोविंद औटींकडून जप्त केलेल्या संपत्तीचा दावा १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. हिस्लॉपला तर दुहेरी लिखापढी करावी लागली. फेब्रुवारी १८१८ मध्ये खानदेशातल्या थाळनेरला त्याने किल्लेदाराला फाशी दिले होते. पुढच्या वर्षी ब्रिटिश संसदेत फौजेच्या अभिनंदनाचा ठराव आला तेव्हा या कृत्यावरून वाद झाला आणि त्याच्याकडे खुलासा मागितला गेला. शरण येणाऱ्या किल्ल्याच्या दारात काय घडले, हे हजारो कोसांवर कागदावर पटवून द्यायची वेळ त्याच्यावर आली. अशा खुलाशाची सक्ती असणे चांगले. ती नसती तर थाळनेरसारख्या गोष्टी आणखी झाल्या असत्या.

विसाव्या शतकात या कामाचे स्वरूप पालटले. पहिल्या महायुद्धात लाखो हिंदी शिपाई समुद्रापार गेले. त्यांच्या कुटुंबांचे आणि परतलेल्यांचे प्रश्न हाताळायला १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड निघाले. तेच आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड, हे नाव १९७५ चे. जिल्ह्याजिल्ह्यातली सैनिक कल्याण कार्यालये याच रचनेची टोके आहेत. १९४९ मध्ये ठरल्याप्रमाणे दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो, आणि त्या दिवशी जमणारा निधी याच कामाला जातो.

मराठी सेनापतींमध्ये युद्धोत्तर कामाचा सर्वांत कठीण अनुभव कोल्हापूरच्या शंकरराव थोरातांना आला. १९४५ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत ते दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे कमांडर होते आणि त्यांना डीएसओ हे ब्रिटिश पदक मिळाले. ही पलटण पुढे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सची पहिली पलटण झाली आणि गार्ड्सचे केंद्र आज कामठीत आहे. १९५३ मध्ये कोरियातले युद्ध थांबले तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांचा ताबा भारताकडे आला. कस्टोडियन फोर्सचे प्रमुख मेजर जनरल थोरात होते, आणि तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. एका बाजूचे बावीस हजारांवर आणि दुसऱ्या बाजूचे ३५९ कैदी सांभाळायचे होते. प्रत्येक कैद्याला तंबूत बोलावून, दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी आणि दुभाषे समोर ठेवून, त्याची इच्छा विचारायची होती. कैद्यांमध्ये आपापसांत जबर दहशत होती. सप्टेंबरात एका कुंपणात कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला पकडून ठेवले. थोरात स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन, मिळाले. ज्याने कांगॉच्या टेकडीवर हातघाईची लढाई पाहिली होती, त्याचे पुढचे मोठे शौर्य असे एका तारेच्या कुंपणाआड, हत्यार न उगारता घडले. निवृत्तीनंतर थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले.

१९७१ च्या युद्धानंतरचा पसारा याहून कितीतरी मोठा होता. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार माणसे भारताच्या ताब्यात आली. त्यांना ठेवायच्या छावण्यांपैकी एक नागपूरच्या उत्तरेला जबलपूरला होती, आणि शरण आलेले पाकिस्तानी जनरल नियाझीही तिथेच होते. जिनिव्हा करारानुसार कैद्यांची पत्रे, शिधा, औषधपाणी, प्रार्थना, रेडक्रॉसच्या भेटी यांचा हिशेब दर छावणीने ठेवायचा होता. ही परतपाठवणी एप्रिल १९७४ मध्ये संपली, तेव्हा सेनाप्रमुख गोपाळ गुरुनाथ बेवूर होते. त्यांचा जन्म १९१६ मध्ये जुन्या मध्यप्रांतातल्या सिवनीचा, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. युद्धाच्या वेळी ते दक्षिण कमांडचे प्रमुख होते. त्यांच्या सेनाप्रमुखपदाची वर्षे मुख्यतः अशा आवराआवरीत, नव्या वेतन आयोगानंतरच्या कुरबुरीत आणि पुढच्या सैन्यरचनेच्या विचारात गेली. ज्या चौपन्न भारतीय सैनिकांचा १९७१ पासून ठावठिकाणा लागला नाही, त्यांच्या फायली मात्र बंद झालेल्या नाहीत.

याच युद्धात, ३ डिसेंबरच्या रात्री, पूर्व आघाडीवरच्या गंगासागरला गार्ड्सच्या चौदाव्या पलटणीचा लान्स नायक अल्बर्ट एक्का पडला. त्याला परमवीरचक्र मिळाले. अशा पदकामागे कागदांची लांब साखळी असते. पलटणीचा कमांडर प्रत्यक्षदर्शींची निवेदने घेतो आणि शिफारस लिहितो. ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड असे टप्पे पार करून ती दिल्लीला जाते. जो लिहायला कमी पडतो त्याच्या माणसांना पदक कमी मिळते, ही लष्करातली जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. ज्या पलटणीचे सगळे अधिकारी पडले तिचे शौर्य सांगायला बहुधा कुणी उरत नाही.

पडलेल्या शिपायाचे सामान हा याहून शांत, पण मनाला जास्त लागणारा भाग आहे. त्यासाठी पलटणीत अधिकाऱ्यांची समिती बसते. काळी ट्रंक उघडली जाते. सरकारी वस्तू वेगळ्या, खासगी वस्तू वेगळ्या. घड्याळ, बँकेचे पासबुक, देवाची तसबीर, दाढीचे सामान, घरून आलेल्या पत्रांचा गठ्ठा, बाळाचा फोटो, या सगळ्याची यादी होते आणि त्यावर सह्या होतात. उसनवारी असेल तर तीही नोंदली जाते. मग ट्रंक घरी जाते आणि तिच्याबरोबर कमांडिंग ऑफिसरचे पत्र. हे पत्र छापील नमुन्याचे नसावे, हा सैन्यातला संकेत आहे. पत्रात त्या माणसाची एखादी खरी आठवण असावी, त्याच्या शेवटच्या वेळेविषयी खोटे नसावे आणि नको तेवढे खरेही नसावे. अनेक कमांडरांना तोफेच्या माऱ्याखाली बसण्यापेक्षा हे पत्र लिहिणे जड गेले आहे.

कामठीतल्या गार्ड्सच्या केंद्राला जोडून अभिलेख कार्यालय आहे. शिपाई भरती झाला की त्याचा शीट रोल उघडतो. पत्ता, वारस, लग्न, मुले, जखमा, शिक्षा, पदके असे सगळे त्यात येत जाते. नातलगांची नोंद किंड्रेड रोलमध्ये होते. १९७२ मध्ये युद्धात पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी उदार दराने निवृत्तिवेतन सुरू झाले. कुणी पडले की हेच कागद निवृत्तिवेतनाचा दावा घेऊन प्रयागराजच्या लेखा कार्यालयाकडे जातात. दावा अडतो तो बहुधा नावावर. महाराष्ट्रात लग्नात मुलीचे नाव बदलायची चाल आहे. माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे किंड्रेड रोलवर, आणि आधारकार्डावर तिसरेच, कधी शेवटी ‘बाई’ लावलेले, कधी नसलेले. एका ‘बाई’साठी वर्षभर पत्रव्यवहार चाललेली प्रकरणे लष्करी कारकुनांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. अशा वेळी केंद्राच्या कमांडंटने फाईल स्वतः मागवून पाहिली तर ती हलते. म्हणून चांगला कमांडंट आठवड्यातला ठरावीक वेळ फक्त अशा फायलींना देतो.

नागपूर-कामठीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या डायरीचा दुसरा भाग भेटीगाठींचा. २६ जुलैला कारगिल विजय दिवस, ७ डिसेंबरला ध्वजदिन, १६ डिसेंबरला विजय दिवस, १५ जानेवारीला सेना दिवस. पुष्पचक्र अर्पण करायचे, शाळांत बोलायचे, वीरमाता-वीरपत्नींचा सत्कार करायचा, माजी सैनिकांचे मेळावे भरवायचे. मेळाव्यात वैद्यकीय तपासणी आणि निवृत्तिवेतनाच्या तक्रारींसाठी वेगळी टेबले मांडलेली असतात. व्यासपीठावरच्या भाषणांपेक्षा त्या टेबलांवर जास्त काम होते. पलटणीत बडा खाना असतो तेव्हा अधिकारी आणि जवान एका पंगतीत जेवतात. अधिकाऱ्यांच्या पत्नींनाही यात वाटा उचलावा लागतो. १९६६ पासून आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन हे काम करते, आणि विधवांशी बोलण्याचा मोठा भार तिच्यावर असतो.

या भेटींत एक धोका आहे. सत्काराची शाल आणि श्रीफळ दरवर्षी त्याच वीरपत्नीला मिळते, फोटो निघतो, आणि तिच्या मुलाच्या नोकरीचा अर्ज तसाच पडून राहतो. शाल देणाऱ्याने अर्ज कुठे आहे हे विचारले नाही, तर त्या समारंभाला अर्थ उरत नाही. जुन्या अधिकाऱ्यांपैकी जे खरोखर नावाजले गेले, ते समारंभ संपल्यावर अर्धा तास थांबून हे विचारणारे होते.

सीताबर्डीचा किल्ला आज प्रादेशिक सेनेच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टसारख्या दिवशी तो लोकांसाठी उघडतो, आणि नागपूरकर मुलाबाळांसह टेकडीवर जाऊन १८१७ च्या कबरी पाहून येतात. त्या दिवशी रांगेत उभ्या राहणाऱ्यांत विदर्भातल्या सैनिक कुटुंबांतली माणसेही बरीच असतात. त्यांनी घरी आजोबा-वडिलांचे डिस्चार्ज बुक आणि निवृत्तिवेतनाचा आदेश एकदा काढून पाहावा. त्यातले पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी जुळते का ते तपासावे. जुळत नसेल तर सेवा क्रमांक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करावा. ही दुरुस्ती निवृत्त सैनिक हयात असताना करून घेतली, तर त्याच्यामागे त्याच्या पत्नीला हेलपाटे घालावे लागत नाहीत.